वर्ग गेले, मास्क उरला

संगणकाच्या परीक्षांमध्ये एक प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो: ‘१७२.१६.५.९ हा आयपी पत्ता कोणत्या वर्गातला?’ विद्यार्थी पहिला आकडा पाहतो, तो १२८ ते १९१ यांच्यामध्ये बसतो हे त्याला पाठ असते, तो ‘बी वर्ग’ असे लिहितो आणि त्याला पूर्ण गुण मिळतात. मात्र हे उत्तर ज्या इंटरनेटला लागू पडते, ते इंटरनेट आज कुठेही चालत नाही. ए, बी, सी या वर्गांवर आधारलेली पत्त्यांची वाटणी १९९३ च्या सप्टेंबरमध्ये रीतसर मोडीत निघाली. त्यानंतरच्या तीस वर्षांत जगातल्या राउटरांनी, म्हणजे संदेशांना एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट दाखवणाऱ्या यंत्रांनी, पत्त्याचा वर्ग विचारणे सोडून दिले आहे. ते विचारतात फक्त मास्क. तरीही आपल्याकडे वर्ग आधी शिकवले जातात आणि सबनेट मास्क हा त्यांच्यामागून येणारा एक अवघड, आकडेमोडीचा धडा समजला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. पत्ता कुठे तोडायचा हे आकड्यावरून कळत नाही, ते मास्क सांगतो. एवढी एक गोष्ट समजली की वर्ग का आले, का बुडाले आणि मास्क का टिकला, या सगळ्याचा उलगडा होतो.

आयपी पत्ता म्हणजे ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा एक आकडा. माणसाला वाचता यावा म्हणून त्याचे आठ-आठ बिटांचे चार तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा ० ते २५५ अशा आकड्याने लिहितात. या ३२ बिटांत दोन वेगळ्या गोष्टी एकापुढे एक मांडलेल्या असतात. डावीकडचा भाग नेटवर्क सांगतो, उजवीकडचा भाग त्या नेटवर्कमधले यंत्र. लँडलाइनचा दहा अंकी क्रमांक आठवला तर हे चटकन लक्षात येते. मुंबईचा कोड २२ आणि त्यापुढे आठ अंकी क्रमांक, नाशिकचा २५३ आणि पुढे सात अंक, साताऱ्याचा २१६२ आणि पुढे सहा अंक. एकूण अंक दहाच, पण कोड जितका लांब तितके त्या गावाच्या वाट्याला क्रमांक कमी. आयपी पत्त्याचेही तसेच आहे. नेटवर्कच्या भागाला जास्त बिट दिले तर नेटवर्क पुष्कळ होतात आणि प्रत्येकात यंत्रे थोडी मावतात; कमी दिले तर नेटवर्क थोडे, पण प्रत्येक अवाढव्य. म्हणून खरा प्रश्न एवढाच उरतो, की ही रेघ कुठे मारायची आणि ती कुठे मारली आहे हे बाकीच्यांना कसे कळवायचे.

१९८१ च्या सप्टेंबरमध्ये या प्रश्नाचे एक उत्तर लिहिले गेले. जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या ‘आरएफसी ७९१’ या दस्तऐवजाने आयपीची चौथी आवृत्ती ठरवून दिली. तिच्या आधी नेटवर्कसाठी सरसकट आठ बिट राखलेले होते, त्यामुळे जगात अडीचशेहून थोडे अधिक एवढेच नेटवर्क होऊ शकले असते. नव्या योजनेत रेघेच्या तीन जागा ठरल्या आणि कोणती जागा धरायची हे पत्त्याचे सुरुवातीचे बिटच सांगू लागले. पहिला बिट शून्य असेल तर तो ए वर्ग: आठ बिटांनंतर रेघ, एका नेटवर्कमध्ये १,६७,७७,२१४ यंत्रे. सुरुवात १० ने असेल तर बी वर्ग: रेघ मधोमध, ६५,५३४ यंत्रे. ११० ने असेल तर सी वर्ग: २४ बिटांनंतर रेघ आणि फक्त २५४ यंत्रे. उरलेल्या टोकाचे पुढे दोन वर्ग झाले. २२४ ते २३९ हा डी वर्ग एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या मल्टिकास्ट संदेशांसाठी आणि २४० पासून पुढचा ई वर्ग राखीव. या वाटणीतला खरा धक्का टक्केवारीत आहे. सुमारे ४२९ कोटी पत्त्यांपैकी निम्मे ए वर्गात गेले आणि त्या निम्म्यांवर हक्क सांगू शकणारे नेटवर्क होते फक्त १२६. पाव हिस्सा बी वर्गाच्या १६,३८४ नेटवर्कांचा. वीस लाखांहून अधिक छोट्या नेटवर्कांच्या सी वर्गाला मिळाला आठवा हिस्सा.

आज हे वाचताना वाटते, की ही योजना करणाऱ्यांना दूरदृष्टी नव्हती. हा आरोप बराच ऐकू येतो, पण तो अन्यायाचा आहे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपावर, जेमतेम दोनशे संगणक होते. वैयक्तिक संगणक नुकता बाजारात येत होता आणि घराघरांत, खिशाखिशांत नेटवर्क पोहोचेल असे गृहीत धरण्याचे काही कारण नव्हते. राउटरची स्मृती महाग आणि तुटपुंजी होती. अशा वेळी पत्त्याचे पहिले दोन-तीन बिट पाहून रेघ कुठे आहे ते कळणे, त्यासाठी वेगळी नोंद ठेवावी न लागणे, ही मोठी सोय होती. शिवाय आधीच्या सरसकट आठ बिटांच्या रेघेपेक्षा तीन मापे असणे ही स्पष्ट सुधारणाच होती. तेव्हा दोष हिशेब चुकण्याचा म्हणता येणार नाही. दोष होता तो मापाचा निर्णय आकड्यातच कोरून ठेवण्याचा. आकड्यात कोरलेला निर्णय परिस्थिती बदलली तरी बदलता येत नाही आणि परिस्थिती पुढच्या दहा वर्षांतच पार बदलली.

कुठे अडले ते एका साध्या गणिताने दिसते. समजा एका विद्यापीठाला २,००० संगणक जोडायचे आहेत. सी वर्गाचे नेटवर्क २५४ वर संपते, ते पुरणार नाही. म्हणून बी वर्ग मागावा तर ६५,५३४ पत्ते मिळतात. त्यांतले दोन हजार वापरात येतात आणि ६३ हजारांहून अधिक, म्हणजे शेकडा ९७, कायमचे अडकून पडतात. दुसऱ्या कुणाला ते देताही येत नाहीत, कारण राउटरांच्या लेखी तो पूर्ण पट्टा एकच नेटवर्क आहे. जगातल्या बहुतेक संस्था नेमक्या या मधल्या मापाच्या, त्यामुळे बी वर्ग झपाट्याने संपू लागला. बरे, बी न देता सी वर्गाची आठ नेटवर्क द्यावीत तर दुसरेच दुखणे उभे राहते. त्या एका विद्यापीठासाठी जगातल्या प्रत्येक मोठ्या राउटरला एकाऐवजी आठ नोंदी ठेवाव्या लागतात आणि असे हजारो ठिकाणी झाले की राउटरांच्या मार्गदर्शक कोष्टकांचा बोजा त्या काळच्या यंत्रांना पेलवत नाही. थोडक्यात, मोठे माप दिले तर पत्ते वाया जातात आणि छोटी मापे दिली तर राउटर कोलमडतात. १९९० च्या दशकाच्या आरंभी इंटरनेटपुढे ही दोन संकटे एकदमच उभी ठाकली. दोन्हींचे मूळ एकच होते: रेघेच्या जागा तीनच आणि त्याही आधीच ठरलेल्या.

सुटकेचे साधन मात्र तोवर हाताशी आलेले होते, फक्त ते घरातल्या वापरापुरते होते. मोठ्या संस्थांमध्ये विभागाविभागाचे वेगळे नेटवर्क होऊ लागले, तेव्हा जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी १९८५ च्या ऑगस्टमध्ये ‘आरएफसी ९५०’ लिहून सबनेटची रीत घालून दिली. कल्पना अशी, की मिळालेल्या नेटवर्कचे आतल्या आत तुकडे पाडायचे आणि रेघ कुठे आहे ते ३२ बिटांच्याच दुसऱ्या एका आकड्याने सांगायचे. हा आकडा म्हणजे सबनेट मास्क. त्यात नेटवर्कच्या बिटांच्या जागी १ आणि यंत्राच्या बिटांच्या जागी ० असतो. एका महाविद्यालयाच्या चार प्रयोगशाळांना १९२.१६८.१०.० ते १९२.१६८.१०.२५५ हा पट्टा वाटून द्यायचा आहे असे धरा. चार तुकड्यांसाठी आणखी दोन बिट लागतात, म्हणून मास्क २५५.२५५.२५५.१९२ होतो. आता १९२.१६८.१०.७७ हा संगणक कोणत्या तुकड्यात पडतो? पत्त्यातले पहिले तीन आकडे जसेच्या तसे राहतात, पाहायचा तो फक्त शेवटचा. ७७ दोन-आधारी पद्धतीत ०१००११०१ असा लिहितात आणि १९२ म्हणजे ११००००००. दोन्ही एकाखाली एक मांडून, जिथे दोन्हीकडे १ आहे तिथेच १ ठेवायचा, बाकी सगळीकडे ०. उरते ०१००००००, म्हणजे ६४. म्हणून हा संगणक १९२.१६८.१०.६४ या नेटवर्कमधला. त्याचा पट्टा ६४ ते १२७. त्यातला पहिला पत्ता नेटवर्कचे नाव म्हणून राखीव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्याच्या ब्रॉडकास्टसाठी राखीव, मधले ६२ यंत्रांसाठी. मास्कमधले सगळे १ सलगच असावे लागतात, म्हणून त्याच्या चार आकड्यांपैकी कोणत्याही जागी ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४ आणि २५५ या नऊ आकड्यांपलीकडे काही येऊच शकत नाही.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही आणि तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. इंटरनेटवरून धावणाऱ्या पॅकेटमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो, मास्क मात्र कुणाचाच नसतो. मास्क हे प्रत्येक यंत्राचे स्वतःपुरते ज्ञान आहे. पॅकेट पाठवण्याआधी संगणक स्वतःच्या मास्कने दोन्ही पत्ते तपासतो. नेटवर्क एकच निघाले तर थेट पाठवतो, वेगळे निघाले तर गेटवेकडे, म्हणजे नेटवर्कबाहेर नेणाऱ्या राउटरकडे, सोपवतो. म्हणून मास्क चुकला तर बिघाड मोठा चकवा देणारा असतो. वरच्या महाविद्यालयात ७७ क्रमांकाच्या संगणकावर कुणी सवयीने २५५.२५५.२५५.० हा मास्क टाकला असे समजा. त्याचा गेटवे त्याच्याच पट्ट्यात असल्याने बाहेरची संकेतस्थळे नीट उघडतात. पण तिसऱ्या प्रयोगशाळेतला १३० क्रमांकाचा प्रिंटर त्याला आपल्याच नेटवर्कमधला वाटतो. तो गेटवेला न विचारता आपल्याच प्रयोगशाळेत त्या प्रिंटरच्या नावाने हाका मारत राहतो आणि उत्तर येत नाही. मग केबल तपासली जाते, स्विच बदलून पाहिला जातो, प्रिंटरवर खापर फुटते. चूक असते ती दोन बिटांची. आणि ही सवय येते कुठून, तर वर्गांच्या पाठांतरातून. १९२ ने सुरू होणारा पत्ता सी वर्गाचा आणि सी वर्गाचा मास्क २५५.२५५.२५५.० हे समीकरण इतके रुजले आहे, की विंडोजच्या संगणकात हाताने असा पत्ता टाकला तर मास्कची चौकट आपोआप त्याच आकड्याने भरली जाते आणि १० ने सुरू होणारा पत्ता टाकला तर २५५.०.०.० ने. १९८१ ची वर्गवारी तिथे अजून जिवंत आहे.

मास्क घराबाहेर काढण्याचे, म्हणजे जगभरच्या राउटरांना लागू करण्याचे काम १९९३ मध्ये झाले. व्हिन्स फुलर, टोनी ली, जेसिका यू आणि कन्नन वरदन यांनी मांडलेल्या सीआयडीआर या वर्गविरहित योजनेने ए, बी, सी हे भेद रद्द केले. प्रत्येक नेटवर्कने आपली रेघ कुठे आहे ते स्वतःच जाहीर करायचे असे ठरले. लिहिण्याची रीतही सुटसुटीत झाली. मास्कमध्ये एक किती आहेत एवढेच पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन लिहायचे. २५५.२५५.२५५.१९२ ऐवजी नुसते /२६. त्या दोन हजार संगणकांच्या विद्यापीठाला आता /२१ देता येतो: २,०४८ पत्ते, नेमके गरजेपुरते आणि जगाच्या कोष्टकात नोंद एकच. पुढे जाऊन एखादी सेवा पुरवणारी कंपनी आपल्या शेकडो ग्राहकांचे लागोपाठचे पट्टे एकाच मोठ्या पट्ट्यात गुंडाळून जाहीर करू शकते. एका पत्त्याला दोन नोंदी लागू पडत असतील तर ज्या नोंदीत नेटवर्कचे बिट जास्त ती राउटर मानतो, म्हणून पूर्ण पट्टा एकीकडे आणि त्यातला एक तुकडा दुसरीकडे अशी व्यवस्थाही बिनघोर चालते. पत्ते वाया जाणे आणि राउटर कोलमडणे ही दोन्ही दुखणी एकाच औषधाने आवरली. हे औषध म्हणजे काही नवे यंत्र नव्हते. जो निर्णय आकड्यात गाडला गेला होता, तो बाहेर काढून उघड लिहिला गेला, इतकेच.

याचा परिणाम पुढच्या इतिहासात पाहता येतो. १९९० च्या दशकाच्या आरंभी बी वर्ग काही वर्षांतच संपेल अशी चिन्हे होती. प्रत्यक्षात जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे पट्टे वाटले गेले ते ३ फेब्रुवारी २०११ रोजी, वेबचा सगळा स्फोट पचवून झाल्यावर. या मुदतवाढीत घरगुती राउटरांच्या एनएटी या पत्तेबदलाच्या युक्तीचाही मोठा वाटा आहे, ते मान्य करायला हवे. पण वर्ग तसेच राहिले असते तर पत्ते वाचवूनही ते गरजेच्या मापात कुणाला देता आले नसते. अमेरिकेतल्या एमआयटी या शिक्षणसंस्थेकडे सुरुवातीपासून ए वर्गाचा एक अख्खा पट्टा होता, १८ ने सुरू होणारा. २०१७ मध्ये तिने जाहीर केले, की त्या १.६ कोटींहून अधिक पत्त्यांपैकी सुमारे १.४ कोटी कधी वापरलेच गेले नाहीत, आणि त्यांतले सुमारे ८० लाख विकायला काढले. स्टॅनफर्डने तर आपला ३६ चा पट्टा २००० सालीच परत केला होता. पट्टा तोडून विकता येतो, कारण रेघ हलवता येते. आपल्या आशिया-पॅसिफिक विभागाची नोंदणी संस्था एपीनिक २०१९ पासून नव्या सदस्याला जास्तीत जास्त /२३, म्हणजे ५१२ पत्ते देते. हे माप ए, बी, सी यांपैकी कशातही बसत नाही. टंचाईच्या काळात पत्त्यांचे रेशन मोजून देता येते ते मास्कमुळेच.

शिक्षकांचा यावर एक आक्षेप असतो आणि तो गंभीर आहे. नवख्या विद्यार्थ्याला दोन-आधारी गणितात ढकलण्यापेक्षा तीन ठरलेल्या वर्गांनी सुरुवात करणे सोपे नाही का? पहिल्या दिवशी सोपे आहे, पण पुढे त्याची किंमत मोजावी लागते. खासगी वापरासाठी १९९४ मध्ये तीन पट्टे राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारा, १७२.१६ ते १७२.३१ हा आणि १९२.१६८ ने सुरू होणारा. वर्ग पाठ केलेल्या विद्यार्थ्याला मधल्या पट्ट्याचे माप कळत नाही. तो बी वर्गाचे एक नेटवर्क नाही, तशी सोळा लागोपाठची नेटवर्क मिळून तो होतो. मास्क वापरून मात्र तो एका शब्दात सांगता येतो: /१२. तिसऱ्या पट्ट्यात सी वर्गाची २५६ नेटवर्क येतात. तोही फक्त /१६ आहे. सोपे वाटणारे पाठांतर इथे विद्यार्थ्याची दिशाभूल करते आणि अवघड समजले जाणारे गणित त्याला थेट उत्तराशी नेते. शिवाय हे गणित अवघड म्हणावे असे नाहीच. १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ ही आठ मापे आणि बेरीज येणाऱ्या आठवी-नववीच्या मुलाला ते एका तासिकेत जमू शकते.

दुसरा आक्षेप असा, की वर्ग पूर्ण मेलेले नाहीत. डी वर्गाचा पट्टा अजून मल्टिकास्टलाच वापरतात, ई वर्ग अजून राखीव आहे आणि जुन्या उपकरणांत वर्ग मानणारे प्रोटोकॉल सापडतात. हे खरे आहे, म्हणून वर्गांचा इतिहास शिकवू नये असे माझे म्हणणे नाही. जुनी उपकरणे सांभाळणाऱ्याला तो लागतोच. पण मल्टिकास्टचा पट्टाही आज नेटवर्क अभियंते २२४.०.०.०/४ असाच लिहितात, म्हणजे वर्गाची ओळखही मास्कच्या भाषेत होते. तिसरा आक्षेप भविष्याचा आहे: १२८ बिटांचे आयपीव्ही६ आले की हे सगळे बाद होणार नाही का? उलट, आयपीव्ही६ मध्ये वर्ग कधी आलेच नाहीत; तिरकी रेघ आणि तिच्यापुढचा आकडा मात्र जसाच्या तसा आला. तिथे एका स्थानिक नेटवर्कला सहसा /६४ देतात. मोबाइल इंटरनेटमुळे भारत आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत आघाडीवर आहे, तेव्हा हे गणित आपल्या विद्यार्थ्यांना पुढची अनेक वर्षे लागणार आहे. टिकाऊ काय आणि कालबाह्य काय, याची याहून स्वच्छ साक्ष मिळणार नाही.

सर्वसाधारण वाचकालाही यातून घेण्यासारखे आहे. घरातल्या वायफायची सेटिंग उघडली की आयपी पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे या तीन ओळी दिसतात. मधली ओळ बहुतेक जण सोडून देतात, पण आपले घर नेटवर्कच्या दृष्टीने कुठे संपते आणि बाहेरचे जग कुठे सुरू होते ते ठरवणारी ओळ तीच आहे. तिसऱ्या ओळीतला गेटवे पहिल्या ओळीतल्या पत्त्याच्या नेटवर्कमध्येच पडतो का, हे मास्क लावून तपासता आले की दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी निम्मे निदान घरीच होते. आणि परीक्षा घेणाऱ्यांकडे एक मागणी. ‘हा पत्ता कोणत्या वर्गातला’ हा प्रश्न इतिहासाच्या पानावर न्यावा आणि त्याच्या जागी हा विचारावा: १७२.१६.५.९ आणि १७२.१६.६.९ या दोन यंत्रांचा मास्क २५५.२५५.२५२.० आहे, ती एकमेकांशी थेट बोलतील की गेटवेमार्फत? पहिल्या प्रश्नाला पाठांतर पुरते. दुसऱ्याचे उत्तर जो काढेल, त्याला उद्या खरे नेटवर्क सांभाळायला देता येईल. उत्तर आहे, थेट: ५ आणि ६ या दोन्हींना २५२ चा मास्क लावला की ४ च उरतो.